टेबल, तक्ता आणि खर्चाचा कागद : आपल्या विज्ञान प्रदर्शनाची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थापनेची तारीख, पहिले अध्यक्ष, जागेचे दानपत्र, कोनशिला असे काहीतरी हाताशी असते. विज्ञान प्रदर्शनाच्या बाबतीत यातले काहीच नाही. त्याला कार्यालय नाही, घटना नाही, वर्गणीदार सभासद नाहीत. धान चुरून घरात आले की कुठल्या तरी शाळेच्या वर्गखोल्या रिकाम्या होतात, बाक एकमेकांना जोडून त्यांवर चादरी अंथरल्या जातात, भिंतीवर तक्ते लागतात आणि दोन-तीन दिवसांपुरती ही संस्था उभी राहते. मग बाक परत वर्गात जातात. तरीही हिला संस्थाच म्हटले पाहिजे. तिला नियम आहेत, शाळा-तालुका-जिल्हा-राज्य-देश अशा पायऱ्या आहेत, आणि आज जी मुले टेबलामागे उभी असतात त्यांच्यापैकी कित्येकांचे आईबाप कधीकाळी असल्याच टेबलामागे उभे होते.

गोंदियाजवळच्या बिरसीकडून पाहिले तर हा इतिहास जरा वेगळा दिसतो. आमच्या गावाची ओळख बाहेरच्यांना आहे ती विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. स्वातंत्र्यानंतर ती बरीच वर्षे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, 1998 मध्ये औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि डिसेंबर 2005 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली. नंतर वैमानिक घडवणारी राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आली आणि डायमंड बनावटीची लहान विमाने दिवसभर बिरसी, खातिया, कामठा, परसवाड्याच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली. धावपट्टी वाढली तशी शेते गेली, घरे गेली, पुनर्वसनाच्या फायली हिंडत राहिल्या. ते प्रकरण या स्मरणिकेचे नव्हे. पण ज्या मुलांच्या वर्गावरून रोज विमान जाते, त्यांनी पहिले मॉडेल थर्माकोलच्या विमानाचेच केले तर नवल नाही. आमच्या भागातल्या प्रदर्शनात इतर कशाची वानवा पडेल, विमानाची नाही.

प्रदर्शनाचे मूळ शोधायला दिल्लीला जाण्याआधी वर्ध्याला थांबावे लागते. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलाने मातृभाषेत शिकावे, शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे आणि त्यातून जे तयार होईल त्यातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, अशी ती मांडणी होती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. नई तालीम म्हणून ती ओळखली गेली. शाळेतली पोरे काहीतरी बनवतील आणि ते विकले जाईल, ही कल्पना आज 'उद्योजकता' म्हणून नव्या कपड्यांत येते. तिचे गाव मात्र विदर्भातले आहे.

नई तालीम सर्वत्र रुजली नाही. तिचा एक धागा कोठारी आयोगाने (1964 ते 66) उचलला आणि वेळापत्रकात 'कार्यानुभव' हा तास आला. आपल्यापैकी ज्यांची शाळा सत्तर-ऐंशीच्या दशकात झाली त्यांना तो तास आठवत असेल. खडू, मेणबत्ती, फिनेल, कागदी फुले, सुतळीच्या पिशव्या. साच्यातून खडू काढताना निम्मे तुटत, आणि तुटलेलेच फळ्यावर वापरले जात. स्काउटमध्ये 'खरी कमाई' होती: मुलांनी भजी, चिवडा विकायचा, किंवा कोणाच्या तरी आवाराची साफसफाई करून चार पैसे मिळवायचे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून बाल आनंद मेळाव्याच्या निमित्ताने आजही छोटा बाजार भरतो, आणि चौथीतली पोर कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करताना गणिताच्या तासापेक्षा पुष्कळ हुशार ठरते. घोटाळा एवढाच होता की कार्यानुभवाचे कपाट एका खोलीत आणि प्रयोगशाळेचे दुसऱ्या खोलीत. फिनेल बनवणाऱ्या मुलाला पाण्यात टाकल्यावर ते पांढरे का होते, हे कोणी विचारले नाही. आणि प्रयोगशाळेत दुधाळ द्रावण पाहणाऱ्याला त्याची बाटली केवढ्याला पडेल, हे कोणी विचारले नाही. पुढच्या सगळ्या इतिहासात ही दोन कपाटे एका खोलीत येण्याची धडपड दिसते.

परदेशात विज्ञानाच्या शालेय स्पर्धा आधीपासून होत्या. अमेरिकेत 1942 मध्ये विज्ञानातील हुशार मुलांचा शोध घेणारी स्पर्धा सुरू झाली आणि 1950 मध्ये फिलाडेल्फियाला त्यांचे पहिले राष्ट्रीय प्रदर्शन भरले. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे ज्याला आपण सगळे एनसीईआरटी म्हणतो तिने, 1971 मध्ये दिल्लीला मुलांचे पहिले राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरवले. 1988 पासून त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव मिळाले आणि अलीकडे ते 'राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी' झाले. राज्यातली सूत्रे नागपूरच्या रविनगरातील राज्य विज्ञान शिक्षण संस्थेकडे होती. राज्याच्या बहुतेक गोष्टी मुंबई-पुण्याहून येतात. ही एक नागपूरहून सगळीकडे जात असे, याचा आम्हा विदर्भातल्या शिक्षकांना आजही थोडा अभिमान वाटतो.

प्रदर्शनात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचा गट असे, लोकसंख्या शिक्षणाचा असे, आणि प्रयोगशाळा परिचरांचाही असे. हा शेवटचा गट मला नेहमीच सर्वांत प्रामाणिक वाटत आला आहे. ज्या माणसाने वर्षानुवर्षे फुटक्या चंचुपात्रांना आणि गळक्या नळांना तोंड दिले, त्याने केलेले साधन दिसायला ओबडधोबड असते पण चालते.

त्या काळात 'जिल्हा प्रदर्शन' म्हणजे भंडारा. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. तोवर आम्ही भंडाऱ्याचाच एक तालुका. तालुक्यातून निवडलेले मॉडेल घेऊन जायचे तर एसटी, नाहीतर गाडीने भंडारा रोड आणि तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने. सालेकसा-देवरीकडच्या पोरांचे हाल याहून जास्त. प्लास्टर ऑफ पॅरिसचा डोंगर मांडीवर घेऊन गर्दीतून जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. त्यात भारनियमनाचे दिवस आले. मॉडेल विजेवर, वीज वेळापत्रकावर आणि प्रमुख पाहुणे कोणत्याच वेळापत्रकावर नाहीत. पाहुणे टेबलापाशी पोहोचावेत आणि त्याच क्षणी दिवे जावेत, हा प्रयोग मात्र दरवर्षी यशस्वी होई.

आता गुणपत्रकाकडे जरा निरखून पाहू, कारण या संस्थेची खरी घटना म्हणजे तो कागद. एनसीईआरटीच्या निकषांत मुलाची स्वतःची सर्जनशीलता आणि कल्पना यांना 20 गुण. नावीन्याला 15, वैज्ञानिक विचाराला 15, कारागिरीला 15, उपयुक्ततेला 15. कमी खर्च, हलवता येणे आणि टिकाऊपणा या तिन्हींना मिळून 10, आणि मांडणीला 10. हे शंभर गुण परीक्षकाने एका टेबलापाशी पाच-सात मिनिटांत वाटायचे. कागदावर मांडणीला दहाच गुण आहेत, पण प्रत्यक्षात चकचकीत फ्लेक्स आणि घोकलेले इंग्रजी भाषण यांनी किती टेबले जिंकली, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आणि आमच्याकडे भाषेचा पेच आणखी आहे. घरी पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, सालेकसा-देवरीकडे गोंडी. पोरगं मनातल्या मनात तीनदा भाषांतर करून 'घर्षण' म्हणते आणि परीक्षक लिहितो, 'आत्मविश्वास कमी'.

त्या खर्चाच्या दहा गुणांचे काय झाले? बरीच वर्षे काहीच नाही. 'खर्च किती?' असे विचारले की मुले छापील उत्तर देत: 'टाकाऊपासून टिकाऊ, खर्च शून्य.' परीक्षक खूश. शून्य खर्चात काहीच बनत नसते, एवढा साधा हिशेब विज्ञानाच्या प्रदर्शनात कोणी मांडत नव्हता.

तो मांडला गेला पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले अन्नतंत्रज्ञ, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर. ते सोडून त्यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला. त्यांनी शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार केला. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हातांनी काम करायचे: वेल्डिंग-सुतारकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. यात कळीची गोष्ट अशी की मुलांनी खोटी मॉडेले करायची नाहीत. गावात कोणाला फाटक हवे असेल तर फाटक, टाकी हवी असेल तर टाकी, आणि त्याचे पैसे घ्यायचे. म्हणजे मालाचा हिशेब आला, मजुरी आली, वीज आली. दोन कपाटे एका खोलीत आणण्याचे काम महाराष्ट्रात याहून नेटके कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने फॅब लॅब ही कल्पना बाहेर नेली, तेव्हा 2002 मध्ये सुरुवातीच्याच प्रयोगशाळांपैकी एक पाबळला उभी राहिली, ती उगीच नाही.

याच सुमाराला दुसरीकडे मुंबईत बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने 1981 मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीची मुले, आधी लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, शेवटी कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. ही स्पर्धा चांगली आहे, पण आता तिच्या तयारीचे क्लास निघाले आहेत आणि ते शहरांत आहेत. एवढेच लिहून पुढे जातो.

1993 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आमच्या भागाला अधिक मानवली. दहा ते सतरा वयाची मुले, स्थानिक प्रश्न, काही महिन्यांचा अभ्यास, आणि आपल्या भाषेत मांडायची मुभा. इथे टेबलावर काही चालून दाखवावे लागत नाही. मोजून, विचारून, नोंदवून आणावे लागते. आणि मोजायला आमच्याकडे काय कमी! मालगुजारी तलाव आहेत. परसवाडा आणि झिलमिलीचे पाणी आहे, तिथे सारस उतरतात. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि तो घरटे करतो धानाच्या बांधीत. शेतकऱ्याने रोवण्याच्या वेळी घरटे सोडून रोवणी केली तर त्याचे किती नुकसान, आणि नाही सोडले तर पक्ष्याचे किती, हा प्रश्न एकाच वेळी जीवशास्त्राचा आणि हिशेबाचा आहे. बिरसीच्या मुलाला त्याची प्रस्तावना शिकवावी लागत नाही.

डिसेंबर 2008 मध्ये केंद्र सरकारची इन्स्पायर योजना आली आणि या संस्थेत पहिल्यांदा खराखुरा पैसा आला. आधी निवडलेल्या विद्यार्थ्याला पाच हजार रुपये मिळत. पैसा आला की जे होते ते झाले. काही ठिकाणी मुलाच्या नावावर मॉडेल बाजारातून आले. इंजेक्शनच्या सिरिंजचा जेसीबी, लाल रंगाचा ज्वालामुखी, सेन्सरने उघडणारी कचरापेटी. नागपूरच्या बाजारात हे सगळे तयार मिळते. एकाच जिल्ह्यात सात ज्वालामुखी एकाच दिवशी जागे झाले तरी भूगर्भशास्त्रज्ञांना कळवण्याचे कारण नसते.

पुढे योजनेचे रूप बदलले. गुजरातमधल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडे काम गेले, नावात 'मानक' जोडले गेले, आणि मॉडेलच्या आधी कल्पना मागवण्यास सुरुवात झाली. शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, निवडली गेली तर दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात. पाठ्यपुस्तकातला सिद्धांत दाखवणारे नेहमीचे मॉडेल चालत नाही. निकषही बदलले: कल्पना नवी आहे का, समाजाच्या कामाची आहे का, पर्यावरणाला बाधक नाही ना, वापरायला सोपी आहे का, आणि बाजारात जे आहे त्यापेक्षा ती कशात बरी. हा शेवटचा निकष माझ्या मते चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल. पूर्वी परीक्षक विचारत, 'हे कसे चालते?' आता विचारतात, 'हे कोण वापरेल, आणि आत्ता तो काय वापरतो?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी शेजारच्या घरी जावे लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय फेरीत निवडलेल्या मुलांना जपानच्या साकुरा या विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातही जाता येते. शिवाय 2016 पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आल्या, सहावी ते बारावीसाठी, निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. जिथे शिक्षकाला वेळ मिळतो तिथे त्या गजबजल्या आहेत. इतरत्र थ्रीडी प्रिंटरवर छान झाकण घातलेले आहे.

आता त्या खर्चाच्या कागदाकडे येतो. समजा एखादी मुलगी उफणणीचा हातपंखा घेऊन आली. घरी आई सुपाने धान पाखडते, वारा नसला की थांबते. म्हणून तिने मोडक्या सायकलचे चाक, पेडल आणि साखळी घेऊन पत्र्याची पाती फिरवली. परीक्षकाचा पहिला प्रश्न विज्ञानाचा: भरीव दाणा जवळ पडतो आणि पोचट लांब जातो, असे का? ती सांगते, आकार जवळपास तोच, वारा दोघांनाही तेवढाच ढकलतो, पण हलक्याला ढकलणे सोपे. दुसरा प्रश्न: पेडल एकदा फिरले की पाते किती वेळा फिरते? ती दोन्ही चाकांचे दाते मोजून सांगते. तिसरा: किंमत? ती कागद पुढे करते. भंगारातली सायकल, पत्रा, नटबोल्ट, वेल्डिंगवाल्याचे पैसे, एकूण. नीट, खाली रेघ मारलेली बेरीज.

त्या कागदावर एक ओळ हमखास नसते. 'तू किती दिवस खपलीस?' विचारले तर ती म्हणते, 'चार रविवार.' 'त्याचे पैसे?' ती गोंधळून हसते. माझे कसले पैसे?

मी वर्षानुवर्षे असे कागद पाहत आलो, आणि ही ओळ गाळणारी मुले मला निष्काळजी वाटत नाहीत. ती घरचाच हिशेब मांडत असतात. धानाच्या शेतीत बियाणे, खत, औषध, ट्रॅक्टर, बाहेरची मजूर बाई, सगळे धरले जाते. आई रोवण्यात वाकली आणि बाप रात्री मोटारीवर गेला, ते कोणाच्याच वहीत नसते. हमीभावाची शिफारस करणारा कृषिमूल्य आयोगसुद्धा घरच्या माणसांची मजुरी वेगळी धरून खर्चाचे निरनिराळे आकडे काढतो आणि कोणता आकडा धरायचा यावर देशभर वाद होतात. त्या वादाचे बीज आठवीतल्या मुलीच्या कागदावर सापडते. म्हणून उद्योजकतेच्या नावाने येणाऱ्या मोठमोठ्या शब्दांपेक्षा, खर्चाच्या कागदावर 'माझी मजुरी' अशी एक छापील ओळ मला महत्त्वाची वाटते. ती भरली की मुलीला कळते की आपला पंखा बाजारातल्यापेक्षा स्वस्त नाही. मग ती पाती कमी करते, वेल्डिंगऐवजी नटबोल्ट वापरते, आणि नकळत पुन्हा विज्ञानाकडे वळते. क्रम मात्र हाच हवा. किंमत आधी विचारली तर पोरगी दाते मोजणारच नाही, थेट किमतीची चिठ्ठी चिकटवेल.

गोंदियाच्या मुलांकडे अशा कामासाठी कच्चा माल भरपूर आहे. भातगिरण्यांचे हे शहर. धानाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तूस निघते. उसना तांदूळ करताना तेच तूस बॉयलरखाली जाते आणि मागे राखेचे ढीग राहतात, त्या राखेत बहुतांश सिलिका. तिरोड्याच्या 3300 मेगावॅटच्या वीज प्रकल्पाची राख वेगळीच. मोह आहे, तेंदूपान आहे, तुडतुड्याने बसणारी बांधी आहे. यातला प्रत्येक विषय प्रदर्शनाला आला पाहिजे. विमान नको असे नाही, पण ते थर्माकोलचे असेल तर निदान तरंगले तरी पाहिजे.

विमानावरून एक गोष्ट सांगण्यासारखी. चंद्रावर उतरलेला तिसरा माणूस पीट कॉनराड, अपोलो 12, नोव्हेंबर 1969. या गृहस्थाला वाचनाची अडचण होती, ती त्या वेळी कोणाला कळली नाही आणि शाळेने त्याला काढून टाकले. दुसऱ्या शाळेने वेगळ्या रीतीने शिकवले आणि तो पुढे प्रिन्स्टनला गेला. त्याच्या पत्नी नॅन्सी कॉनराड यांनी 2008 मध्ये त्याच्या नावाने संस्था काढली. तेरा ते अठरा वयाची मुले, दोन ते पाच जणांचा गट, आणि विज्ञानाच्या कल्पनेबरोबर ती विकायची कशी याचाही आराखडा द्यायचा, अशी तिची जागतिक स्पर्धा. विमान आणि अवकाश हा स्पर्धेचा एक ठरलेला विभाग. आमच्या धावपट्टीशेजारच्या मुलांनी तिथे नाव नोंदवायला कोणाची परवानगी लागत नाही. इंग्रजीची अडचण आहे, शुल्काची आहे. पण कॉनराडला तर अक्षरांचीच होती.

राहता राहिली दप्तराची गोष्ट. या लेखासाठी जुने काही शोधायला गेलो तर शाळांच्या कपाटांत पहिल्या क्रमांकाच्या ढाली मिळाल्या, धूळ खाल्लेली मॉडेले मिळाली, पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो मिळाले. कोणी काय केले, कशापासून केले, किती खर्च आला, याची नोंद क्वचितच. तेव्हा पुढच्या अंकासाठी संपादक मंडळाच्या वतीने विनंती: प्रत्येक शाळेने आपल्या प्रत्येक प्रवेशिकेची एक पानाची नोंद ठेवावी. मुलांची नावे, प्रश्न कोणाच्या घरातून आला, साहित्य, खर्च, मुलांची मजुरी, आणि जे चालले नाही ते का चालले नाही. नंबर न आलेल्यांचीही नोंद यावी. ती मार्चअखेर तालुक्याला पोचली तर छापखान्यात वेळेवर देता येईल.